आभाळात पाणी कुणी घातलं

"आभाळ निळं का असतंय गं?" धुरपानं विचारलं.

आम्ही दूध संस्थेच्या कट्ट्यावर बसलो होतो. संस्थेचं दार साडेपाचला उघडायला हवं, पण सर्जेराव सेक्रेटरी सहा वाजता डोलत यायचा. त्यामुळं मधला अर्धा तास आम्हा बायकांचा. पुढ्यात किटल्या, पाठीला भिंत, आणि तोंडाला सुट्टी.

"आता हे कुठनं काढलंस?" मी म्हटलं.

"नातीला शाळेत विचारलंय. चौथीतली पोरगी, दुपारपासनं माझा पदर ओढतीया. आजी, आभाळ निळं का, आजी, आभाळ निळं का."

"त्यात काय," छबू म्हणाली. "देवाच्या बायकोनं धोतर धुतलं आणि नीळ जास्त पडली."

"एवढं मोठं धोतर?"

"मग काय देवाचं धोतर तुझ्या मालकावानी गुडघ्याएवढं असंल?"

धुरपा हसून हसून खोकायला लागली. मग जिच्या तिच्या तोंडून असले प्रश्न निघायला लागले. भाकरी का फुगते? तव्याचं ऐकून घेते म्हणून. चांदोबा आपल्या मागनं का येतो? "माझ्या मागनं यायचा," छबू म्हणाली, "आता बघून वाट बदलतोय."

"आणि समुद्र खारट का?" धुरपानं विचारलं.

"सगळ्या सुना रडत्यात, ते पाणी कुठं जातंय मग?" छबूनं लगेच सांगितलं.

"आमच्या घरनं न्हाई जात बाई," मी म्हटलं. "माझी सून रडत न्हाई."

धुरपानं माझ्याकडं बघितलं आणि किटलीचं झाकण दाबून बसवलं. ते बघणं मला पुढं फार दिवस आठवत राहिलं. तेव्हा मात्र मला वाटलं, हिला माझा हेवा वाटला.

माझं शिक्षण म्हणाल तर दुसरी. त्यातली अर्धी दुसरी वासरं राखण्यात गेली. पण माझ्यापुढं बोलायला गावातले चार बुकं शिकलेले बाप्येसुद्धा दोनदा विचार करायचे. नवरा गेला तेव्हा मी तिशीत होते. एका म्हशीवर मी घर उभं केलं, लेकाला शिकवून इचलकरंजीला मागावर लावला, त्याचं लग्न केलं. हे सगळं दुधावर. आणि त्या दुधात पाण्याचा थेंब नाही, ही माझी गावात ओळख होती. पुतळाबाईचं दूध म्हणजे डोळे झाकून घ्यावं, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला सांगू?

एवढ्यात साळवी बाई आल्या. शाळेतल्या मास्तरीण, चिपळूणकडच्या. रोज संध्याकाळी छोटी किटली घेऊन अर्धा लिटर दूध न्यायला यायच्या.

"बाई, असले प्रश्न कशाला घालता पोरांना?" धुरपानं त्यांना धरलं. "आमच्या घरात आज भाकऱ्या करपल्या त्या आभाळापायी."

बाई हसल्या. "मग तुम्हीच सांगा ना उत्तर. पोरांनी घरच्यांना विचारायचं, असंच सांगितलंय मी."

"नीळ सांडली," छबू म्हणाली.

"आणि तुमचं काय, पुतळामावशी?"

मी मुद्दाम जरा वेळ घेतला. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या, की मला बोलायला बरं वाटायचं.

"पाणी घातलेलं दूध बघितलंय का कधी बाई?" मी म्हटलं. "दाट दूध पांढरं फेक असतंय. पाणी घाला, कडेनं निळं मारायला लागतंय. काळ्या पाटीवर थेंब सोडला तर लगेच दिसतंय. आभाळ तसलंच. पातळ केलेलं."

बायका हसल्या. साळवी बाई हसल्या नाहीत. हातातली किटली त्यांनी खाली ठेवली.

"मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पस्तीस वर्षं दूध घालतेय."

"अहो, तुम्ही उत्तराच्या अगदी दारात उभ्या आहात. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. हवेतले बारीक बारीक कण त्यातला निळा जास्त उधळतात, म्हणून आकाश निळं. पातळ दुधातही तसंच होतं. दाट दुधात सगळेच रंग उधळतात, म्हणून ते पांढरं. उद्या संध्याकाळी मला दाखवाल पाटीवर? पोरांना सांगता येईल."

"दाखवीन की. पण पाणी घातलेलं दूध दुसरीकडनं आणा. माझ्या घरात ते मिळायचं न्हाई."

बघा, असं म्हणाले मी. सगळ्यांच्या देखत.

"तुझी चंद्री अजून किती दूध देतीया गं?" धुरपानं मधेच विचारलं.

"चार लिटर. एका वेळचं."

"गाभण न्हवं ती? कितवा महिना?"

"आठवा लागंल आता."

"आठव्याला चार लिटर?" धुरपानं तोंडाला पदर लावला. "माझी सातव्यातच आटली बाई."

"तुझ्या हाताचा गुण," मी म्हटलं.

तेवढ्यात सर्जेराव आला. कुलूप काढताना त्याची पाठ आमच्याकडं होती, आणि माझ्या जिभेला अजून खाज होती. मी मोठ्यानं म्हटलं, "बाई, वर पण आमच्यासारखाच कुणी सेक्रेटरी असंल बघा. कॅन शहराला जायच्या आधी बादलीभर ओतणारा. त्याशिवाय एवढं आभाळ निळं व्हायचं न्हाई."

बायका अशा हसल्या की रस्त्यावरची कुत्री उठली. सर्जेरावाची मान लाल झाली. त्यानं आत जाऊन माप घेतलं आणि माझं दूध ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. मी किटली डोक्यावरच्या चुंबळीवर घेऊन निघाले. आमच्या घरात एक रीत होती, माझ्या सासूनं घातलेली. दूध गोठ्यातनं निघालं की झाकण लावायचं, ते संस्थेतच उघडायचं. वाटेत दुधाला दृष्ट लागते. धार काढायचं काम सुनेचं, शालनचं. ती किटली भरून, झाकण लावून उंबऱ्यात ठेवायची. मी ती उजव्या हातानं उचलायची, जरा तोलायची आणि निघायची. चार लिटर म्हणजे चार लिटर. पावशेर कमी असलं तरी माझ्या मनगटाला कळायचं, आणि कळलं की मी बोलायची.

सर्जेरावानं माझी किटली घेतली आणि ओतायच्या आधी काच काढली. दुधात सोडायची ती काचेची नळी, लॅक्टोमीटर का काय म्हणतात ती. रोज सगळ्यांचं दूध बघत नसत, मनात येईल त्याचं बघायचे.

काच बुडाली. जिथं थांबायची तिथं थांबली नाही, खाली गेली.

"काकू, पाणी हाय," सर्जेराव म्हणाला.

"कशात?"

"दुधात."

"तुझ्या डोळ्यात असंल!"

"काच काय माझ्या घरची हाय? बघा की तुम्हीच."

"काल आभाळ निळं झालं आणि आज माझं दूध निळं? काल बोलले ते लागलं का रे तुला?"

"काकू, काल तुम्ही बोललासा म्हणून काच लावली, हे कबूल. पण काच बुडाली त्याला मी काय करू?"

त्यानं माझ्या दुधाची बाटली भरली, वर चिठ्ठी लावली आणि फडताळात ठेवली. मग खडू घेऊन तो दाराशेजारच्या फळ्याकडं गेला. पाणी सापडलं की त्या फळ्यावर नाव लिहायची पद्धत होती. आठ दिवस ते नाव तिथं राहायचं. येणारा-जाणारा वाचायचा.

माझं नाव लिहिलेलं मी तोवर दोनच ठिकाणी बघितलं होतं. एक मतदार यादीत आणि एक लग्नात माहेरनं आलेल्या पितळी घागरीवर. आता तिसऱ्यांदा बघितलं. पुतळाबाई शंकर माने. पाणी.

दुसरीपर्यंत शिकले तेवढं त्या दिवशी पुरलं. अक्षर न् अक्षर वाचता आलं.

"पुसतोस का न्हाई?"

"न्हाई जमत काकू. नियम हाय."

"मग ऐक," मी म्हटलं. पाठीमागं दहा-बारा बायका होत्या, मी त्यांना ऐकू जाईल असंच म्हटलं. "संध्याकाळी मी पाटी घेऊन येते. साळवी बाई येणारच हायत. ही बाटली आण, आणि माझं संध्याकाळचं दूध बी घे. थेंबाला थेंब लावून दाखवते. बाटलीत तू काय ओतलंयस ते सगळ्या गावाला दिसंल. आणि मग त्या फळ्यावर तुझं नाव तू स्वतःच्या हातानं लिहायचं."

"बरं," सर्जेराव म्हणाला. एवढंच. त्याच्या त्या शांत बोलण्यानं मला जास्त आग लागली.

घरी येऊन मी काय काय बोलले ते आता सांगवत नाही. सर्जेरावाच्या सात पिढ्या काढल्या. शालन चुलीपुढं बसली होती. तिच्या हातातलं फुंकणीचं नळकांडं खाली पडलं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं.

"नीट धर की," मी म्हटलं. "घरावर बालंट आलंय आणि तुझ्या हातात जीव न्हाई."

"आत्ती," ती म्हणाली, "आज संध्याकाळी दूध नको घालूया का?"

"का?"

"चंद्री... कासंला हात लावू देईना. राहू दे एक दिवस."

"एक दिवस राहू दे? म्हंजे गाव म्हणंल, पुतळाबाई घाबरली. तुझ्या माहेरात चालत असंल असं तोंड लपवणं. माझ्या घरात न्हाई. धार काढायची, झाकण लावायचं, उंबऱ्यात ठेवायचं. कळलं?"

"हो," ती म्हणाली.

दोन वर्षं झाली होती तिला घरात येऊन. लेक पंधरा दिवसांनी यायचा, दोन दिवस राहून जायचा. बाकीचे दिवस ती आणि मी. मी तिला कधी हात लावला नाही, उपाशी ठेवलं नाही, आणि तेवढ्यावर मी स्वतःला चांगली सासू समजत होते. धार कमी आली तर बोलायची, एवढंच. "माहेरी म्हशी होत्या का नुसती चित्रं?" असं एकदा म्हणाले होते. "तुझ्या हातात माझी म्हैस आटंल," असंही म्हणाले होते. ते महिन्याभरापूर्वी. तेव्हापासून किटली पुन्हा चार लिटरची झाली होती, आणि मला वाटलं होतं, बोलण्याचा उपयोग झाला.

संध्याकाळी मी उंबऱ्यातली किटली उचलली.

हात एकदम वर गेला. भरलेली किटली म्हणून जोर लावावा आणि ती निम्मी निघावी, तसा. मी शालनकडं बघितलं. ती चंद्रीच्या शेणाकडं बघत होती.

"किती हाय?"

"दोन. थोडं वर."

बोलायला तोंड उघडलं होतं, पण उशीर झाला होता आणि मला सर्जेरावाला गाठायचं होतं. म्हटलं, म्हैस बिथरली असंल, सकाळी मी घरात आरडाओरडा केलाच होता. आल्यावर बघू. किटली चुंबळीवर ठेवली आणि निघाले. वाटभर ती हलकी किटली डोक्यावर डुलत होती.

संस्थेपुढं जत्रा भरली होती. ज्यांच्या घरी म्हैस नाही तेसुद्धा आले होते. साळवी बाईंनी शाळेतली मोठी काळी पाटी आणली होती. त्या बिचाऱ्या गंमत म्हणून आल्या होत्या, इथं खटला उभा राहिलेला बघून गोंधळल्या.

"मावशी, हे मला माहीत नव्हतं. आपण नंतर कधीतरी करू."

"आत्ताच," मी म्हटलं. "आभाळ निळं का, ते आज सगळ्यांना दाखवायचं."

"पुतळे," धुरपा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जाऊ दे. घरी चल."

"तू पण त्याच्या बाजूची?"

"मी तुझ्याच बाजूची हाय म्हणून सांगतीया."

मी तिचा हात झटकला. पाटी तिरकी धरली. आधी किटलीचं झाकण काढलं आणि बोटानं संध्याकाळच्या दुधाचा थेंब पाटीच्या वरच्या कडेला सोडला. तो हळूहळू उतरला. मागं पांढरी रेघ, चुन्यानं ओढावी तशी. खाली जाऊन थांबला.

"बघा," मी म्हटलं. "हे माझं दूध."

बायका माना हलवायला लागल्या. छबू म्हणाली, "साय हाय नुसती."

मग सर्जेरावानं बाटली पुढं केली. मी चिठ्ठी बघितली, बूच बघितलं, कुणी उघडलेलं दिसत नव्हतं. तरी म्हटलं, आत काहीतरी केलंच असणार. थेंब सोडला.

तो थांबलाच नाही. पाटीवरनं सरळ धावला, खालच्या चौकटीत गेला. मागं रेघ राहिली ती पांढरी नव्हती. निळी होती. आदल्या दिवशी मीच सांगितलेली, पातळ, आभाळासारखी निळी.

"आभाळ उतरलं की गं पाटीवर," कुणीतरी मागनं म्हणालं. दोन-चार जणी हसल्या.

"बाटलीत तू घातलंस!" मी ओरडले.

"काकू, बाटली तुमच्या डोळ्यांपुढं भरली. तुमच्याच किटलीतनं." सर्जेराव किटलीत डोकावला. "सकाळी चार लिटर होतं. आता दोन हाय. सकाळपासनं म्हैस निम्मी झाली का?"

आता सांगते. राग माणसाला आंधळं करतो म्हणतात, माझं उलटं झालं. त्या एका क्षणाला मला सगळं लख्ख दिसलं. हलकी किटली. पडलेली फुंकणी. राहू दे एक दिवस. आठव्या महिन्याची म्हैस आणि चार लिटर दूध, महिनाभर, एका वेळचं. धुरपाला कालच कळलं होतं, म्हणून तिनं विचारलं. पस्तीस वर्षं म्हशी पाळणाऱ्या बाईला तेवढं कळू नये? मी गोठ्यात जाऊन कासेला हात लावला असता तर कळलं असतं. पण मी उंबऱ्यात उभी राहून किटली तोलत होते. शालननं पाणी दुधासाठी घातलं नव्हतं, माझ्या मनगटाला वजन पुरावं म्हणून घातलं होतं.

मी वर बघितलं. गर्दीच्या पार मागं, पिंपळाच्या बाजूला, शालन उभी होती. कधी आली कोण जाणे. डोक्यावरनं पदर पुढं ओढलेला, दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरलेला. ती पुढं यायला निघाली होती. एक पाऊल टाकलं होतं तिनं. सगळ्यांपुढं येऊन ती सांगणार होती.

आणि मग गाव काय म्हणालं असतं? मानेंची सून चोर. तिच्या माहेरापर्यंत गेलं असतं. माझ्या लेकापर्यंत गेलं असतं.

"मीच घातलं पाणी," मी म्हटलं.

सर्जेरावाचा हात बाटलीवर तसाच राहिला. "काय म्हणालासा?"

"बहिरा झालास का? मी घातलं. माझी म्हैस, माझी किटली, माझं पाणी. म्हैस आटलीया, आणि मला चार लिटरचा तोरा होता. तुझी काच खरी. तुला काल बोलले ते खोटं बोलले. झालं?"

कुणी हसलं नाही. साळवी बाईंनी पाटी माझ्या हातातनं घेतली आणि पदरानं पुसली. त्यांच्या चांगल्या साडीच्या पदरानं. शालन जिथल्या तिथं थांबली.

"नाव राहू दे फळ्यावर," मी सर्जेरावाला म्हटलं. "आठ दिवस म्हंजे आठ दिवस. एक दिवस आधी पुसलंस तर बघ."

घरी जाताना मी पुढं आणि शालन मागं. ओढ्यापाशी ती जरा जवळ आली. मग मागनंच म्हणाली, "आत्ती, मी घातलं हो."

"माहीत हाय."

"तांब्याभरच घालत होते आधी. मग वाढत गेलं."

"मला सांगायचं न्हाई, चंद्री आटलीया म्हणून?"

"सांगितलं होतं. दोनदा." तिनं पदर सावरला. "तुम्ही म्हणालासा, हाताचा गुण. मग मी न्हाई सांगितलं. तुम्ही किटली उचलून तोलता ना आत्ती, तेव्हा मी दाराआड जाऊन उभी राहते. तुमचं बोलणं ऐकण्यापेक्षा तांब्याभर पाणी बरं वाटलं."

मला तिचा राग आला. खरंच आला. तिनं दोनदा सांगितलं होतं आणि मला एकदाही आठवत नव्हतं, याचा राग तिच्यावर काढायला मी वळलेसुद्धा. ती रडत होती. माझी सून रडत न्हाई, असं मी कालच चारजणींत सांगितलं होतं.

मी डोक्यावरनं किटली उतरवली आणि तिच्या हातात दिली.

"उद्यापासनं तूच घेऊन जा. जेवढं निघंल तेवढं. पळीभर निघालं तर पळीभर. आणि झाकण लावायचं न्हाई."

"दृष्ट लागंल की आत्ती."

"लागू दे. माझीच लागली होती."

माफी मागितली का म्हणाल, तर नाही. मला ते कधी आलं नाही. पण त्यानंतर मी किटली तोलली नाही. पंधरा दिवसांनी चंद्री पुरती आटली, दोन महिन्यांनी व्याली, आणि चिकाच्या दुधाचा पहिला वाडगा शालननं धुरपाकडं नेऊन दिला. मला न विचारता. मला त्रास झाला, पण मी काही म्हटलं नाही.

ते आठ दिवस मात्र मी रोज संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसले. दूध शालनकडं, मी नुसतीच. माझ्या डोक्याच्या बरोबर वर माझं नाव. घरात तोंड लपवून बसेन असं ज्यांना वाटलं होतं, त्यांना तेवढं सुख मी दिलं नाही. पहिल्या दिवशी बायका माझ्यापासनं हातभर लांब बसल्या. शेवटी धुरपाच सरकून माझ्या शेजारी बसली आणि झाकण वाजवायला लागली.

"पुतळे," ती म्हणाली, "नात विचारतीया. आभाळात पाणी कुणी घातलं?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. शालन दारात उभी होती, उघडी किटली घेऊन.

"मीच घातलं," मी म्हटलं. "तुझं काय जातंय?"

शालन हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर, दात दिसतील असं.